कॅसेटमधलं नववं गाणं

मिरजेच्या चंपूताई हिर्लेकरांच्या कॅसेटवर नऊ गाण्यांची नावं छापलेली होती, आत गाणी मात्र आठच. नववं गाणं का गळलं, यावर त्यांच्या चाहत्यांत वीस वर्षं खल चालला होता.

ताई गेल्यावर चाहत्यांच्या मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं. बैठकीत अध्यक्ष दादासाहेब गरजले, "लिहून टाका, ते गाणं बेसूर झालं होतं. मी स्वतः स्टुडिओत ऐकलंय!"

पहिल्यांदाच बैठकीला आलेले वामनराव गुरव चुळबुळले. ताईंच्या नावाला कायमचा बट्टा लागणार होता. ते उठून उभे राहिले.

"दादासाहेब, त्यात बासरी जरा जास्तच झाली होती का हो?"

"जरा? अहो, बासरीनंच तर घात केला!"

"ती बासरी मी वाजवणार होतो," वामनराव शांतपणे म्हणाले. "पण मला गालगुंड झालं. ताई म्हणाल्या, वामनशिवाय हे गाणं नको. ते ध्वनिमुद्रित झालंच नाही. मग न वाजलेली बासरी तुम्हाला खुपली कशी?"

हशा पिकला. दादासाहेब लालेलाल झाले.

"पण चाल कशी होती हो?" कुणीतरी विचारलं.

वामनरावांनी पिशवीतून बासरी काढली, तेव्हा सगळ्यांत आधी खुर्ची पुढे ओढली ती दादासाहेबांनीच.