जुळ्या कवड्या

फार वर्षांपूर्वी एकाच लाटेतून दोन जुळ्या कवड्या किनाऱ्यावर आल्या. थोरली खाडीतल्या कासवाकडे राहिली, धाकटी डोंगरावरच्या साळिंदराकडे गेली. रोज सकाळी ते दोघे आपापली कवडी टाकत.

"उताणी पडेन की पालथी, माझं मलाच ठाऊक नसतं. धाकटी तर मला विसरलीच असेल," म्हणत थोरली झुरू लागली.

ते ऐकून म्हातारा बगळा डोंगरावर गेला. दमून परतल्यावर त्याने धाकटी सात दिवस रोज कशी पडली, ते सांगितलं. सातही दिवस थोरली अगदी तशीच पडली होती.

थोरलीला भरून आलं. "बगळेदादा, तुमचे फार उपकार झाले."

"मी नुसता निरोप आणला. जुळणं तुमचंच होतं."

"होतं. पण तुम्ही गेला नसता, तर आम्हाला ते कधी कळलंच नसतं."