आवडूबायने मोकळी ठेवलेली खाडी

फार वर्षांपूर्वी, खारवलीच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, तिथे आवडूबाय नावाची कोळीण राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, होडीही नाही. ती गावासाठी जाळी विणायची. दोन गाठींच्या मधे तीन बोटं घालून बघायची. सहज गेली तरच पुढची गाठ. "पिल्लांना बाहेर पडायला वाट ठेवावी," म्हणायची. तिच्या जाळ्यातून सुटलेला मासा पुढच्या वर्षी गोतावळा घेऊन परत यायचा, असं म्हणतात.

एका वर्षी बंदरावरून व्यापारी आला. मासा केवढाही असो, सुकवून द्या, सगळा घेतो, म्हणाला. तेव्हा आवडूबायचा धाकटा भाऊ, लखमा नाखवा, तिच्याकडे आला.

"बाय, आता एका बोटाचं जाळं विण."

"नाही विणणार."

"अगं, गाव वर येतंय, आणि तू आडवी येतेस?"

"कुठलं गाव, लखमा? होडीवाल्यांचं की सगळ्यांचं?"

लखमाने दुसरीकडून बारीक जाळी आणली. तीन वर्षं मासळी रास लागून सुकली. होडीवाल्यांच्या घरांवर कौलं चढली. बाकीच्यांच्या चुली होत्या तशाच राहिल्या. चौथ्या वर्षी खाडी रिकामी झाली. जाळ्यात नुसतं शेवाळ यायचं. बगळेसुद्धा गाव सोडून गेले. लखमाची बायको नुकती बाळंत झालेली, तिला दूध येईना. लखमा बहिणीच्या उंबऱ्यावर येऊन ढसाढसा रडला.

आवडूबाय त्याला टाकून बोलली नाही. मडक्यातले शेवटचे सुके बोंबील तिने शिजवले आणि भावजयीला हाताने भरवले. मग ती घरोघर गेली. "दोन वर्षं खाडीत जाळं टाकायचं नाही. तोवर गावाची चूल एकच." ज्याच्याकडे तांदूळ होते त्याने तांदूळ आणले, ज्याच्याकडे नव्हते त्याने चिखलातून शिंपल्या वेचल्या. कौलारू घरातले आणि झोपडीतले एका पंगतीत बसले.

आवडूबाय मात्र लखमाच्या होडीत, खाडीच्या तोंडाशी जाऊन बसली. बारीक जाळ्याची एकेक गाठ सोडायची आणि तेच सूत रुंद विणायची. ऊन झालं, पाऊस झाला, सूत काही संपेना. अंड्यांवर आलेल्या मासळ्या तिच्या होडीच्या सावलीत येऊन थांबायच्या, असं म्हणतात.

तिसऱ्या वर्षी बोय मासळी आली. खाडीचं पाणी चांदीसारखं उसळलं. लखमाने पहिली पाटी बहिणीपुढे ठेवली.

"मला काय देतोस? ज्या घरात अजून चूल पेटली नाही, ते शोध."

लखमा पाटी घेऊन वेशीजवळच्या आंधळ्या गोदूकडे गेला.

त्याच थंडीत आवडूबाय गेली. मसणवट पलीकडच्या तीरावर. होडी निघाली, पण वल्हं घालायला पाण्यात जागाच नव्हती, इतकी मासळी दाटलेली. माशांनीच तिला पाठीवरून पार नेलं, असं म्हणतात. त्या दिवशी कोणी जाळं टाकलं नाही.

आजही खारवलीत पावसाळ्यानंतरची पहिली पाटी बाजारात जात नाही. होडी नसलेल्या घरी जाते. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं, "बायने पाठवलंय." घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. आपल्यापुरते मासे काढून पाटी लगेच परत द्यायची, कारण ती अजून पुढच्या घरी जायची असते.