माणशी वीस शर्टांचा नवस

“मग माई, फिटला ना माझा नवस?”

देवीला नैवेद्य दाखवून सुगंधाने पुरणपोळ्यांचा डबा माईंपुढे सरकवला. चातुर्मास लागताना ती देवीला बोलली होती, ‘आई, माझ्या शिवणाच्या कारखान्यात माणशी वीस शर्ट निघू देत, स्वहस्ते एकवीस पोळ्या करून आणीन.’

मठातल्या माई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आधी किती निघायचे?”

“बारा! आता कॉलर आम्ही शिवतच नाही. तयार कॉलरी पोत्याने येतात, बायका नुसत्या जोडतात. हात कसे वाऱ्यासारखे चालतात, बघायला या एकदा.”

“बरं...”

“अजून एक होतं, माई. आमची तुळसाक्का. जन्मभर कॉलरीच शिवल्या तिने. आता तिच्या हातून एकही शर्ट निघत नाही आणि माणशी किती ते काढताना डोकं मात्र तिचंही धरावं लागतं. सोमवारपासून येऊ नका म्हणावं म्हणते. तुमचा आशीर्वाद असला, की जिवाला लागायचं नाही.”

माईंनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले.

“पुरण सुरेख झालंय गं. वाटलं कुणी?”

“पुरण... ते तयारच आणलं. आमच्या गल्लीतल्या गोदावहिनींकडून.” सुगंधाने पदर सावरला. “म्हणून तर तासाभरात एकवीस झाल्या!”

“अगो बाई! तासात एकवीस? मग हात भलताच चलाख झाला म्हणायचा तुझा.”

सुगंधा हसली. मग ते हसू मधेच अडलं.

“माई... स्वहस्ते म्हटलं होतं मी. मोडला का हो नवस?”

“देवी काही बोलली का?”

“नाही.”

“मग मी कोण बोलणार... तुळसाक्का दिवसभर करते काय?”

“काही नाही हो. पोतं पसरून बसते. अडतीस, चाळीस, सगळं मिसळून आलेलं असतं. चिमटीत धरते आणि न बघता वेगळं करते. ज्या मापाचा शर्ट, त्या मापाची कॉलर ज्याच्या त्याच्या मशीनपाशी नेऊन ठेवते. बास, एवढंच.”

“आणि ती आली नाही तर?”

“मंगळवारी नव्हती. पणतीच्या बारशाला गेली होती.”

“त्या दिवशी किती निघाले?”

सुगंधा डब्यातल्या पोळ्या सारख्या करू लागली.

“किती गं?”

“...अकरा. निम्म्या कॉलरी उसवाव्या लागल्या.”

माई अशा हसल्या, की मांडीवरच्या वाती घरंगळल्या. त्या वेचता वेचता सुगंधालाही हसू फुटलं. पदराने डोळे पुसत तिने डब्यातल्या दोन पोळ्या वेगळ्या काढल्या.

“ही गोदावहिनींची. ही तुळसाक्काची. सोमवारी मीच तिला हाताला धरून आणते.”

“आणि त्या कॉलरी शिवणाऱ्या?”

“त्यांची तर नावंही ठाऊक नाहीत मला...”

माईंनी एक वात तिच्या तळहातावर ठेवली.

“ही मी वळली. कापूस कुणी वेचला, मलाही ठाऊक नाही. म्हणून लावायच्या आधी जराशी थांबते... तूही थांबत जा, बाई.”