अण्णा अजून बसलेलेच

सांगा, सांगा करून कान किटवलेत, म्हणून सांगणं आलं. दोनदा सांगायचं नाही. मधे कोणी खोकलं तरी तिथंच बंद.

तर…

"पण त्या भिक्याचा उपयोग तरी काय, अण्णा?"

विचारत होता रणधीर शेलार. गावाच्या कबड्डी संघात पहिली चढाई त्याची, कॉलेजच्या खो-खोतही पहिलं नाव त्याचंच. दोन खेळांचे दोन कप घरात, आणि नाक त्या दोन्ही कपांच्या वर.

येसू अण्णा मैदानाच्या कडेला दगडावर बसलेले. सगळ्या गावाला कबड्डी त्यांनी शिकवली, ती त्या दगडावरूनच. जेवायला घरी जायचे, परत येऊन बसायचे.

"रविवारी फायनल. भिक्या संघात असला तर मी नाही. कॅप्टनला तसंच सांगणार आहे."

"आत्ता सरावात बाद कोण झालं?"

"…मी."

"मग बूड टेक की खाली. बाद झालेला गडी उभ्यानं भाषण करतो होय रे?"

रणधीर बसला. अण्णांनी चंची सोडली.

"जिल्ह्यात दोन खेळ खेळणारा माझ्यासारखा दुसरा दाखवा, अण्णा."

अण्णा पानाला चुना लावत राहिले.

"एकट्याच्या जिवावर दोन-दोन खेळ…"

"सुपारी धर."

मैदानात भिक्या चढाईला निघाला. भरलेली बैलगाडी निघावी तसा.

"ये भिक्या, दिवस बुडायच्या आत पोचशील का?" पलीकडची पोरं खिदळायला लागली.

भिक्यानं पाय लांबवला, सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्याच्या नडगीला अंगठा लावला आणि धडपडत, लोळत मधली रेघ गाठली.

तिकडचा एक गडी बाद. म्हणजे इकडचा एक उठणार.

रणधीरनं सुपारी टाकली आणि सशासारखा पळाला. रेघेपाशी पोचला… आणि तिथंच थबकला.

"कुणी उठवलं रे?" अण्णा दगडावरून ओरडले.

"…भिक्यानं."

"आणि खो-खोत? रांगेत बसलास की आपला आपण उठतोस?"

"नाही… पाठीवर खो पडला की…"



"रण्या, देवळातल्या खांबागत उभा काय राहिलास?" भिक्या धापा टाकत म्हणाला. "ये की आत!"

रणधीरला हसू फुटलं. त्यानं सगळ्यांदेखत कान धरले. "भिक्या, रविवारी पहिली चढाई तुझी!"

"नको रे बाबा, मला दम लागतो!"

सगळं मैदान हसलं. रणधीर वळला.

"अण्णा, मग तुम्ही का कधी उठून आत येत नाही?"

अण्णांनी पान गालात सारलं.

"आमच्या फायनलला मी बाद होऊन इथंच बसलेलो. आमच्या गड्यानं तिकडचा गडी टिपला. अख्ख्या गावानं बघितलं. पंचानं नाही बघितलं… शेवटची शिट्टी मारली, गेला घरी. मला उठवायचं राहिलंय अजून. त्या पंचाला माफी मागायला ये म्हणावं. सखाराम भोईटे नाव त्याचं."