राणीसाहेबांची फर्माईश

पॅरिसहून शिकून आल्याचं सांगणारा खानसामा संस्थानात रुजू झाला आणि रोज नव्या फ्रेंच नावाचा मासा ताटात येऊ लागला. महाराज इतके खूश की जुन्या आचाऱ्याला काढायचं ठरलं. राणीसाहेबांना मात्र दर घासाला आपल्याच तळ्यातल्या मरळ माशाचा संशय येई.

एकदा भर पंगतीत त्यांनी विचारलं, "खानसामा, 'साव्हाँ द लाव्हांद' जमेल?"

"न जमायला काय झालं, सरकार? नाजूक मासा तो. पांढऱ्या वाइनमध्ये मंद शिजवतो. पॅरिसात माझ्याच हातचा मागायचे."

राणीसाहेबांनी फ्रेंच साबणाची वडी त्याच्यापुढे ठेवली. वेष्टनावर तेच नाव होतं.

"मग शिजवा. आणि आपला रिवाज ठाऊक आहे ना? महाराजांच्या आधी खानसाम्यानं खायचं."