थोरलीच्या छपरावरचा धूर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, तेव्हा मी नव्हते आणि माझी आजीही नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक चांगली रीत होती.

गावाच्या मधोमध जमिनीत धान्याचं मोठं पेव होतं. सुगीला प्रत्येक घर आपल्यातलं थोडं त्यात ओतायचं. पेवाची राखण एका म्हाताऱ्या आजीकडे होती. ती रोज सकाळी टेकडीवर चढून गावातली छपरं बघायची. ज्या छपरातून धूर निघाला नाही, त्या घरात शिजवायला काही नाही, असं समजायचं. मग खाली येऊन त्या घराच्या उंबऱ्यावर ज्वारीची पाटी ठेवायची आणि आपल्या वाटेनं निघून जायची. का, कसं, कशामुळे, एक अक्षर विचारायची नाही.

गावाच्या कडेला दोन जावा राहायच्या, थोरली आणि धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, धंदा बुरडाचा, टोपल्या आणि सुपं विणण्याचा. दोन घरांमध्ये एकच कुडाची भिंत. इकडे कुणी शिंकलं की तिकडे कळायचं, आणि थोरलीचे कान तर सदा त्या भिंतीलाच.

एका वर्षी महागाई आली. मीठ महागलं, तेल महागलं, आणि टोपलीला मात्र कुणी जास्त देईना. दोघे भाऊ होता तो माल घेऊन लांबच्या बाजारांना गेले. जाताना त्यांनी दोन्ही घरांमागे कळकाचे, म्हणजे विणायच्या बांबूचे, सारखे भारे रचून ठेवले. सुगीला गावोगावचे लोक सुपं-टोपल्या घ्यायला येत. तोवर बायकांनी विणून ठेवायचं आणि त्यावर पुढचं वर्ष काढायचं, असं ठरलं होतं.

भाऊ लवकर परतले नाहीत. दोन्ही घरांतलं पीठ संपलं.

धाकटीनं काय केलं? काही नाही. पीठ नाही म्हणून चूल पेटवली नाही, आणि अंगणात बसून टोपली विणत राहिली. सकाळी तिच्या उंबऱ्यावर ज्वारीची पाटी आली.

थोरलीनं मात्र चूल पेटवली. वर पाण्याचं भांडं ठेवलं, खाली गोवऱ्या सारल्या आणि छपरातून चांगला धूर काढला. थोरल्या घरची चूल थंड पडली हे गावाला कळलं असतं तर ती लाजेनं मेली असती. तिच्या लहान लेकीनं विचारलं, काय शिजतंय? ती म्हणाली, कळेल. पोर बिचारी वाट बघत झोपून गेली.

आणि आता ऐका, बाईचा न्याय कसा होता ते. स्वतः धूर काढला, आणि धाकटीच्या दारात पाटी दिसल्याबरोबर हिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिलाच बरी मिळाली! नवरा तिचाही गेला, माझाही गेला. मग मी काय घोडं मारलंय? त्या म्हातारीला डोळे नाहीत का? थोरल्या घरी यावं, चार माणसांत मान द्यावा, दोनदा विनवावं, मग मीही नको-नको म्हणत घेतली असती.

भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि तो थोरलीला आपल्या गालावर बसल्यासारखा वाटायचा. एकदा धाकटी दोन भाकऱ्या घेऊन आली. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडे काही कमी नाही म्हणून तिला दारातूनच परतवून लावलं, आणि मग आत जाऊन रडली.

पण सगळ्यात वाईट वेळ आली ती वेगळीच. थोरलीची लेक भुकेनं कळवळून धाकटीच्या घरात गेली आणि तिच्या ताटात जेवायला बसली. थोरलीनं धावत जाऊन पोरीचा हात धरला आणि तोंडातला घास बाहेर काढायला लावला. पोर नुसती त्या घासाकडे बघत राहिली.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, राग माझ्यावर काढा. तिला जेवू द्या."

थोरलीनं ऐकलं नाही. उलट तिच्या मनानं आता हट्टच घेतला की धाकटीपेक्षा आपल्या छपरावरचा धूर दाट दिसला पाहिजे. गोवऱ्या संपल्या. पालापाचोळा संपला. मग ती घरामागे गेली आणि भाऱ्यातला एक कळक ओढून, फोडून चुलीत घातला, आणि मग रोजच तसं करू लागली. ओला कळक काय सुंदर धुमसतो म्हणून सांगू! गाव म्हणालं, थोरलीकडे रोज पुरणावरणाचं चाललंय वाटतं. थोरलीला तेवढं ऐकून बरं वाटायचं. लेक मात्र आता उठून बसेनाशी झाली होती.

शेवटी एका सकाळी, चूल पेटवून झाल्यावर, थोरली टेकडीवर गेली ती भांडायलाच. तिनं आजीला वाट्टेल ते सुनावलं. धाकटी ढोंग करते, तुम्ही माणसं बघून वाटता, पेव काय तुमच्या माहेरचं आहे का, असं बरंच काही.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग काठीनं खाली गाव दाखवलं.

"पोरी, माझ्या जागी उभी राहा आणि सांग. यातलं उपाशी घर कुठलं?"

थोरलीनं पाहिलं. बाकी साऱ्या छपरांवर धुराच्या बारीक रेघा होत्या. धाकटीचं पीठ पुन्हा संपलं होतं, म्हणून तिचं छप्पर स्वच्छ होतं, त्यावर काहीच नव्हतं. आणि साऱ्या गावात जाड, काळा, सगळ्यांत उंच चढलेला धूर होता तो तिच्या घरचा. त्या धुराखाली तिची लेक पडून होती.

 थोरलीनं त्या धुराकडे बोट केलं.

"तो धूर निघतोय ना," ती म्हणाली, "ते घर उपाशी आहे. ते माझं."

आजीनं एक अक्षर विचारलं नाही. त्या सकाळी थोरलीची पाटी उंबऱ्यावर ठेवली गेली नाही, तीच ती आपल्या डोक्यावरून, भर गावातून घरी घेऊन गेली. धाकटीनं ज्वारी दळून पीठ मळून दिलं आणि लेकीला मांडीवर घेऊन भरवलं. पोर वाचली.

पण कळक काही परत आला नाही. भाऊ परतले, सुगी आली, गावोगावचे लोक आले. धाकटीच्या अंगणात सुपांची चवड होती आणि थोरलीच्या मागच्या दारी राखेचा ढीग. त्या वर्षी थोरली धाकटीच्या अंगणात बसून, धाकटीच्या कळकाच्या टोपल्या मजुरीनं विणत होती. जळली का? थोडी जळलीच, खोटं कशाला सांगू. पण धाकटीनं भाकरी पुढे केली की आता ती घ्यायची, आणि आधी लेकीला द्यायची.

म्हणून सांगते, लहानांनो आणि मोठ्यांनोही: जो आपली अडचण स्वतःच झाकून ठेवतो, त्यानं मदत मिळालेल्याचा हेवा करू नये.