तिसरा लाडू

एकदा एका गावात एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा एक शिष्य राहत असत. शिष्याचे वय तेव्हा पंधरा होते की सोळा, हे पुढे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येईना. पण त्या दिवसांतली भीती मात्र त्याला स्पष्ट आठवे. त्याचे सवंगडी घाटामागे चिलीम ओढू लागले होते. रोज बोलावत. दोनदा तो कसाबसा सटकला होता.

"गुरुजी, गांजानं माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण चिलीम समोर आली तर मला नाही म्हणता येणार नाही, याचीच धास्ती वाटते."

गुरुजींनी उपदेश केला नाही. म्हणाले, "उद्या व्यापाऱ्याकडे लग्नाची पंगत आहे. चल. दोनच लाडू घ्यायचे. तिसरा पानात पडू द्यायचा नाही."

शिष्य बुचकळ्यात पडला, पण गेला. व्यापारी स्वतः आग्रह करत आला.

"पुरे, पोट भरलं," शिष्य म्हणाला.

"तरण्या पोटाला काय होतंय!" तिसरा पडला, चौथाही. पानात टाकायचे नाही म्हणून त्याने दोन्ही संपवले.

आठवड्याने मुंजीची पंगत. या वेळी शिष्य म्हणाला, "वैद्यांनी गोड वर्ज्य केलंय."

"कुठे बसलेत वैद्य? दाखवा बघू!" पंगत हसली आणि लाडू पडला.

तिसऱ्या पंगतीला निघताना गुरुजी एवढेच म्हणाले, "कारण सांगू नकोस."

यजमानीणबाई लाडू घेऊन आल्या. शिष्याने पानावर हात आडवा धरला. "लाडू छान झालेत, काकू. आता नको."

"का रे?"

"नको."

"माझी शपथ आहे!"

त्याचे कान तापले, पण हात हलला नाही. बाई हसून पुढच्या पानाकडे वळल्या.

वाटेत गुरुजी म्हणाले, "कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो. नुसत्या 'नको'शी कसा भांडणार? आणि प्रेमाच्या आग्रहाला नकार देणं सर्वांत कठीण. ते तू आज केलंस. चिलमीचे दोष तू जाणत होतास. आपल्याला नको म्हणता येतं, हे जाणत नव्हतास. मी सांगून ते पटलं नसतं."

त्याच संध्याकाळी मुलांनी त्याला गाठले आणि घाटामागे आपल्यात बसवले. "या, सोवळ्याची स्वारी आली! एका झुरक्यानं काय पोथी पुसली जाते?"

"नको."

"घाबरला रे हा!"

"नको." काकूंपुढे हे काहीच नाही, असे वाटून त्याला हसूच आले. तो उठून चालू लागला. घरी येऊन त्याने गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले.

त्याच्यामागून आणखी एक जण उठला होता, असे त्याने नंतर उडत उडत ऐकले; विश्वास बसला नाही. गुरुजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्या टोळीतला एक जण, नातवाचा हात धरून जाताना, त्याला बाजारात भेटला. शिष्याने भीत भीत विचारले, "त्या दिवशी खरंच कुणी उठलं होतं का रे?"

"मीच," तो म्हणाला. "तुझ्यानंतर चिलीम माझ्याकडेच आली होती."